प्रतिकृति-इंजिनाचा शिरोदीप : तंतूऐवजी द्विप्रस्थ

आगगाडीच्या लहान प्रतिकृतीत इंजिनाचा दिवा हा अगदीच गौण भाग समजला जातो. चाके, मोटर आणि रूळ यांची चर्चा पुष्कळ होते. दिवा गेला की दुसरा बसवावा एवढेच त्याच्याविषयी बोलले जाते. हा दुसरा दिवा आता बहुधा प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ, म्हणजे बाजारच्या भाषेत एलईडी, असतो. वरवर पाहता हा केवळ एका सुट्या भागाचा बदल होय. वस्तुतः जुना तंतुदीप प्रकाश देण्याखेरीज आणखी तीन कामे कोणी न सांगता करीत असे. प्रवाह कोणत्याही दिशेने आला तरी तो स्वीकारी. क्षणभर प्रवाह खंडित झाला तरी ते लक्षात येऊ देत नसे. आणि स्वतःतून किती प्रवाह जाऊ द्यावयाचा हे स्वतःच ठरवी. द्विप्रस्थ यांपैकी एकही काम करीत नाही. म्हणून दिवा बदलताना खरोखर बदलावे लागते ते मंडल, आणि ही गोष्ट ध्यानी न आल्यामुळेच पुष्कळ प्रतिकृती नव्या दिव्यानिशी अधिक बिघडलेल्या दिसतात.

महाराष्ट्रात हा विषय निव्वळ परदेशी हौसेचा राहिलेला नाही. भाऊ जोशी यांनी पुण्यात कोथरूड येथे उभारलेले लघु-रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांस खुले असून तेथे गाड्या काचेमागे स्थिर ठेवलेल्या नसतात, तर धावताना दाखविल्या जातात. नाशिक जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर प्रतिकृती करण्यास योग्य असा विषय हाताशीच आहे. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील चढाव ३७ स एक इतका तीव्र आहे आणि गाडीस मागून लावावयाची जादा इंजिने हे त्याचे ठळक वैशिष्ट्य होय. १९३० च्या सुमारास या मार्गावर १५०० व्होल्ट एकदिश दाबाची विद्युत्-वाहतूक सुरू झाली. त्या वाहतुकीसाठी १९२८ पासून आलेली मालगाडीची इंजिने पुढे डब्ल्यूसीजी-१ या वर्गनामाने ओळखली जाऊ लागली. घाटातील लोक मात्र त्यांना ‘खेकडा’ म्हणत. दोन्ही टोकांस लांब नाकाड, मध्ये चालककक्ष, चाके जोडणारे दांडे आणि वळणावर अंग मोडून जाण्याची ढब पाहता हे नाव किती समर्पक आहे ते कळते. पहिली दहा इंजिने स्वित्झर्लंडमधील व्हिंटरटूर येथील कारखान्यात झाली आणि त्यांची विद्युत्-सामग्री मेट्रोपोलिटन-व्हिकर्सची होती. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात व मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात या जातीची इंजिने पाहावयास मिळतात. स्विस रेल्वेचे ‘क्रोकोडाइल’ हे त्याच घराण्यातील वडील भावंड होय. मेर्क्लिन या जर्मन कंपनीने त्याची लहान मापातील प्रतिकृती १९४७ मध्ये बाजारात आणली. पुढील विवेचनात असेच एक इंजिन, ८७ स एक या प्रमाणातील, १६.५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर चालणारे आणि रुळांतून शून्य ते १२ व्होल्ट एकदिश दाब घेणारे, डोळ्यांपुढे ठेवले आहे.

अशा इंजिनातील जुना दिवा म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढा काचेचा फुगा व त्यात टंगस्टनची तार. १२ व्होल्टांस तो साधारणतः ६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे ०.७२ वॉट शक्ती खर्च करतो. या स्थितीत त्याचा रोध २०० ओहम भरतो. थंड असताना मात्र तो याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. तार तापते तसा रोध वाढतो, रोध वाढला की प्रवाहास आळा बसतो, आणि दिवा आपोआप एका स्थिर तापमानावर येऊन ठरतो. या स्वयंनियमनामुळेच तंतुदीप सरळ रुळांच्या दाबाला जोडता येत असे. शक्तीचा बहुतेक भाग मात्र उष्णतेत जातो. पाऊण वॉट ही उष्णता तशी थोडी. परंतु ती दोन-तीन सेंटिमीटरांच्या बंद पोकळीत, पॉलिस्टायरीनच्या कवचास लागून निर्माण होते, आणि हे प्लॅस्टिक १०० अंश सेल्सिअसच्या जवळपास मऊ पडते. जुन्या प्रतिकृतींच्या दिव्याभोवतीचे कवच वाकलेले, पिवळे पडलेले किंवा फुगलेले आढळते ते यामुळेच. जपून ठेवण्याजोग्या प्रतिकृतींच्या बाबतीत दिवा बदलण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे. विजेची बचत हे नव्हे.

द्विप्रस्थाचे वर्तन याच्या उलट आहे. अर्धसंवाहकाच्या संधीत इलेक्ट्रॉन व पोकळी यांचे मीलन झाले म्हणजे ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर पडते, आणि त्या कणाची ऊर्जा द्रव्याच्या ऊर्जा-अंतरालावर अवलंबून असते. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये घेतल्यास १२४० ला तिने भागून ही ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. तांबड्या ६३० नॅनोमीटरसाठी ती सुमारे १.९७ येते, निळ्या ४५० साठी २.७६. तांबडा द्विप्रस्थ दोन व्होल्टांच्या आतबाहेर पेटतो आणि पांढऱ्याला तीन लागतात, याचे मूळ येथे आहे; कारण पांढरा म्हणून विकला जाणारा द्विप्रस्थ आतून निळाच असतो व त्यावरील पिवळ्या अनुस्फुरकाचा लेप उरलेला वर्णपट पुरवितो. तांबडा द्विप्रस्थ १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी दाखविला. तेजस्वी निळा मिळण्यास १९९० नंतरचे दशक उजाडावे लागले आणि त्या कार्यास्तव आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रतिकृतींच्या शिरोदीपात द्विप्रस्थ उशिरा शिरला त्याचे कारण हौशी लोकांचा आळस नसून निळ्या प्रकाशाचा अभाव हे होते.

एकदा पेटू लागल्यावर द्विप्रस्थातील प्रवाह दाबाच्या घातांकी प्रमाणात वाढतो. दोन-तीन दशांश व्होल्टांच्या फरकाने तो कित्येक पट होतो. शिवाय संधी तापली की त्याच प्रवाहास लागणारा दाब कमी होतो, म्हणजे स्थिर दाबावर जोडलेला द्विप्रस्थ तापत जाऊन अधिकाधिक प्रवाह ओढतो. तंतू तापला की आवरतो, द्विप्रस्थ तापला की सुटतो. सबब प्रवाह बाहेरून बांधून देणे अटळ ठरते, आणि त्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे एकसर जोडलेला रोधक. १२ व्होल्टांपैकी तीन द्विप्रस्थास गेले, उरलेले नऊ रोधकावर; ५ मिलिअँपिअर प्रवाह पाहिजे असल्यास रोध १८०० ओहम. एकूण खर्च ६० मिलिवॉट, म्हणजे जुन्या दिव्याच्या बाराव्या हिश्श्याइतका. त्यातील ४५ मिलिवॉट रोधकात उष्णतारूपाने जातात. त्यामुळे रोधक कवचाला चिकटवू नये एवढी काळजी पुरते. दोन द्विप्रस्थ समांतर जोडून दोघांत मिळून एकच रोधक देण्याची काटकसर मात्र करू नये. दोहोंचे दाब किंचित जरी भिन्न असले तरी एक बहुतेक प्रवाह घेतो व दुसरा मिणमिणतो.

आता दिशेचा प्रश्न. एकदिश दाबाच्या रुळांवर इंजिन उलट चालवावयाचे म्हणजे रुळांची ध्रुवता उलटवावयाची. तंतुदीपाला हा भेद कळत नसे, म्हणून पुढचा दिवा पुढे जाताना व मागचा मागे येताना लावण्यासाठी निराळे द्विप्रस्थ घालावे लागत. येथे नव्या दिव्याचा एक गुण अनायासे उपयोगी पडतो. एका टोकाचा व दुसऱ्या टोकाचा असे दोन प्रकाश-द्विप्रस्थ परस्परविरुद्ध दिशांनी समांतर जोडून एकच रोधक दिला, तर ज्या दिशेने गाडी जाईल त्याच टोकाचा दिवा लागतो. येथे एक रोधक चालतो, कारण एका वेळी दोहोंपैकी एकच पेटलेला असतो. त्याहून महत्त्वाचे असे की, या जोडणीत प्रत्येक द्विप्रस्थ दुसऱ्याचे संरक्षण करतो. प्रकाश-द्विप्रस्थांस उलट दाब सोसत नाही. निर्मात्यांची ग्वाही बहुधा पाच व्होल्टांपर्यंतच असते. एकट्याच द्विप्रस्थावर ध्रुवता उलटली तर पूर्ण बारा व्होल्ट त्याच्यावर उलटे येतात. त्यात मोटरची भर पडते. चाक व रूळ यांचा संपर्क तुटला की मोटरच्या वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि क्षणमात्र मोठा दाब निर्माण होतो. तंतुदीप असले धक्के जाणवू न देता गिळून टाकी. एकच दिवा असलेल्या इंजिनात म्हणूनच प्रकाश-द्विप्रस्थाच्या उलट दिशेने १एन४१४८ सारखा एक साधा द्विप्रस्थ समांतर जोडावा. त्याची किंमत नगण्य आहे.

मेर्क्लिनच्या जुन्या इंजिनांची गोष्ट निराळी. तेथे रुळांत १६ व्होल्टांचा प्रत्यावर्ती दाब असतो आणि दिशा बदलण्यासाठी सुमारे २४ व्होल्टांचा क्षणिक धक्का दिला जातो. अशा इंजिनात केवळ रोधक घालून बसविलेला द्विप्रस्थ प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्याच भागात पेटतो आणि गाडी धावताना त्याचे लुकलुकणे डोळ्यांना जाणवते. चार द्विप्रस्थांचा एकदिशकारक आधी घालणे आणि रोधकाची निवड १६ नव्हे तर २४ व्होल्ट धरून, तेही शिखरमूल्यावर म्हणजे सुमारे ३४ व्होल्टांवर तपासून करणे, हाच तेथे मार्ग होय.

आणखी एक सापळा सांगण्याजोगा आहे. काही जुन्या प्रतिकृतींत दिव्याचा प्रकाश गाडीच्या वेगाबरोबर कमीजास्त होऊ नये म्हणून मोटरच्या प्रवाहाच्या वाटेत दोन साधे द्विप्रस्थ एकसर घातलेले असत. त्यांच्यावर नेहमी सुमारे १.४ व्होल्ट दाब राही आणि त्या दाबावर दीड व्होल्टांचा चिमुकला दिवा जळे. ही युक्ती मोठी चतुर होती. पण पांढऱ्या द्विप्रस्थास तीन व्होल्ट लागत असल्याने त्या जागी तो बसविला तर कधीच पेटत नाही, आणि दुरुस्ती करणारा नवा दिवा सदोष समजून एकामागून एक बदलत राहतो. तेथे जोडणी रुळांच्या दाबापासूनच घ्यावी लागते.

वेगाबरोबर प्रकाश किती बदलतो हेही मोजून पाहण्यासारखे आहे. तंतुदीपाचा प्रकाश स्थूल मानाने दाबाच्या ३.४ या घाताप्रमाणे बदलतो. म्हणजे १२ चे ४ व्होल्ट झाले की प्रकाश चाळिसाव्या हिश्श्यावर येतो आणि शिवाय तांबूस पडतो. वर दिलेल्या रोधकासह द्विप्रस्थातून ४ व्होल्टांस सुमारे ०.६५ मिलिअँपिअर जातो आणि त्याचा प्रकाश प्रवाहाच्या जवळजवळ प्रमाणात असल्यामुळे सात-आठ पटींनीच उतरतो. चढावर रेंगाळणाऱ्या गाडीचा दिवा द्विप्रस्थामुळे अधिक विश्वासार्ह होतो हा लाभ निःसंशय आहे. अडीच व्होल्टांच्या खाली मात्र तो पूर्णपणे मालवतो.

लुकलुकण्याचा दोष सर्वांत अधिक खटकतो. तंतू तापण्यास व निवण्यास काही काळ लागतो. धूळ बसलेल्या रुळावर किंवा सांध्यावर चाक क्षणभर अधांतरी गेले तरी तोवर तंतू तेजस्वीच राहतो. निळ्या संधीचा व तिच्यावरील अनुस्फुरकाचा प्रतिसाद मायक्रोसेकंदाहूनही लवकर होतो. परिणामी रुळाची प्रत्येक घाण दिव्यात उमटते. हा एक प्रकारे द्विप्रस्थाचा प्रामाणिकपणाच म्हणावा लागेल, पण पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो दोषच. उपाय म्हणजे तंतूने उष्णतेच्या रूपाने साठविलेली ऊर्जा धारित्रात विद्युत्-भाराच्या रूपाने साठविणे. एकसर द्विप्रस्थानंतर २२० मायक्रोफॅरडचे धारित्र ठेवले व त्यापुढे १८०० ओहमांचा रोधक आणि प्रकाश-द्विप्रस्थ जोडले, तर कालस्थिरांक सुमारे ०.४ सेकंद येतो. दहाव्या हिश्शाएवढ्या सेकंदाच्या खंडात प्रवाह मूळच्या ७८ टक्क्यांपर्यंतच उतरतो, आणि एवढी घट डोळ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. रिकामे धारित्र प्रथम एकदम भार ओढते म्हणून त्याच्या वाटेत शंभरेक ओहम घालावेत. दिशा बदलल्यावर जुना दिवा क्षणभर रेंगाळतो. तंतुदीपही तसाच रेंगाळत असे.

सांकेतिक पद्धतीने चालणाऱ्या मांडणीत यांपैकी काही अडचणी उरत नाहीत. तेथे रुळांत सतत सुमारे १४ व्होल्टांची, क्षणाक्षणाला ध्रुवता उलटणारी चौरस तरंगमालिका असते. अर्धतरंग ५८ मायक्रोसेकंदांचा असल्यास ‘एक’ आणि १०० किंवा त्याहून अधिक असल्यास ‘शून्य’ असे संकेत वाचून इंजिनातील संकेतवाचक मोटर व दिवे निरनिराळे चालवितो. गाडी उभी असतानाही दिवा लागलेला राहतो, हा घाटाच्या पायथ्याशी थांबलेल्या गाडीसाठी मोठाच फरक होय. तारांचे रंग ठरलेले आहेत. निळी तार सामाईक धन, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची. द्विप्रस्थाचे धन टोक निळ्या तारेस जोडावे लागते. तंतुदीपाला हे बंधन नसल्यामुळे जुन्या तारा उलट जोडलेल्या सापडणे अगदी शक्य आहे. कित्येक संकेतवाचकांत आता अशी सोय असते की, दिवा लावताना प्रकाश हळूहळू चढवावा व मालविताना हळूहळू उतरवावा. ज्या मंदपणाबद्दल तंतुदीपाला नावे ठेवली गेली, त्याचीच नक्कल करण्यासाठी येथे एक सूक्ष्म गणकयंत्र राबते.

एवढ्याने मंडल दुरुस्त झाले; प्रकाश खरा झाला असे नाही. लहान प्रतिकृतीत दिवा किती तेजस्वी असावा याचा विचार सहसा होत नाही, पण त्याला निश्चित उत्तर आहे. सर्व लांब्या ८७ पटींनी लहान केल्या तर दिव्याचे क्षेत्रफळ ८७ च्या वर्गाने, म्हणजे ७५६९ पटींनी घटते. पृष्ठभागाची दीप्ती मूळइतकीच ठेवली तर दीपनतीव्रताही तितक्याच पटींनी घटते, आणि अंतरेही लहान झालेली असल्यामुळे रुळांवर पडणारा प्रकाश मूळइतकाच राहतो. समजा खऱ्या शिरोदीपाची तीव्रता एक लाख कँडेला आहे; प्रतिकृतीत ती सुमारे १३ कँडेला हवी. खऱ्या इंजिनापुढे २४० मीटरांवर १.७ लक्स प्रकाश पडत असेल तर प्रतिकृतीपुढे २.७६ मीटरांवरही तेवढाच पडेल. भिंग असलेल्या तीन मिलिमीटरच्या द्विप्रस्थाकडून काही कँडेलांपासून दहा-पंधरा कँडेलांपर्यंत तीव्रता सहज मिळते, आणि २५ सेंटिमीटर व्यासाचा दिवा या प्रमाणात तीन मिलिमीटरांहून किंचित लहानच भरतो. हा मेळ पाहून आश्चर्य वाटते. अडचण दुसरीकडे आहे. घाटात रात्र असते आणि दालनात दोनशे लक्स उजेड. त्या उजेडात १.७ लक्स कोणाला दिसणार? प्रेक्षकांसाठी दिवा वाजवीपेक्षा प्रखर करण्याचा मोह येथून उत्पन्न होतो. दालनातील दिवे मंद करणे हा अधिक शास्त्रीय उपाय आहे. शिरोदीपाच्या खाली असणाऱ्या दोन लहान खूणदिव्यांना तर हा प्रखरपणा मुळीच शोभत नाही. त्यांच्यासाठी २२ हजार ओहमांचा रोधक व ०.४ मिलिअँपिअर प्रवाह पुष्कळ होतो.

प्रकाशाच्या रंगात इतिहासाचा प्रश्न दडलेला आहे. तंतूचा प्रकाश तप्त पदार्थाचा असतो व त्याचे वर्ण-तापमान २७०० केल्व्हिनच्या आसपास येते. रॉकेलच्या कंदिलाचे ते २००० च्या जवळ, आणि सर्वसाधारण पांढऱ्या द्विप्रस्थाचे ६००० च्या. अलीकडील वर्षांत भारतीय रेल्वेच्या खऱ्या इंजिनांवरही द्विप्रस्थांचे शिरोदीप आले आहेत, तेव्हा आजच्या गाडीच्या प्रतिकृतीस शुभ्र थंड प्रकाश यथार्थच होय. परंतु १९३० च्या घाटातील खेकड्याच्या नाकाडावर निळसर पांढरा ठिपका चमकत असेल तर रंग, क्रमांक, खिळे सर्व बिनचूक असूनही ती प्रतिकृती खोटे बोलते. पाहणारा विद्यार्थी त्या दिव्यावरून त्या काळाची चुकीची कल्पना घेऊन जातो, कारण तो इंजिनाचा क्रमांक वाचीत नाही, दिवा पाहतो. ‘उबदार पांढरे’ द्विप्रस्थ २७०० ते ३००० केल्व्हिनचे मिळतात; ते न मिळाल्यास पारदर्शक नारिंगी लाखेचा पातळ हात पुरेसा होतो. लाखेने निळा भाग शोषला जाऊन तेजही थोडे उतरते, आणि तेही इष्टच असते.

बसविण्याच्या कामात दोन गोष्टी पाहाव्या लागतात. तंतुदीप सर्व दिशांनी प्रकाश देतो, म्हणून जुन्या इंजिनांत एकच दिवा मध्यभागी ठेवून ॲक्रिलिकच्या दांड्यांनी प्रकाश शिरोदीपापर्यंत व चालककक्षापर्यंत नेलेला असतो. भिंगाचा द्विप्रस्थ एकाच दिशेने प्रकाश टाकतो. तो दांड्याच्या टोकास अगदी भिडवून व समोरासमोर बसवावा लागतो, नाहीतर दांडा अंधाराच राहतो. दुसरे असे की, पातळ कवचातून प्रकाश झिरपतो आणि इंजिनाचे सगळे नाक कंदिलासारखे उजळते. आतून काळा रंग दिल्यावर हे थांबते.

राहिला प्रश्न जुन्या, दुर्मिळ प्रतिकृतींचा. त्यांतील दिवा हाही त्या वस्तूच्या घडणीचा पुरावा असतो. अशा वस्तूंत मूळ दिव्याची बैठक कापू नये, मूळ तारा तोडू नयेत. जुन्या दिव्याच्या बुडाच्या मापाची धातूची टोपी घेऊन रोधक, संरक्षक द्विप्रस्थ व प्रकाश-द्विप्रस्थ तिच्यात बसविल्यास ती मूळ बैठकीतच लावता येते व हवी तेव्हा काढता येते. काढलेला दिवा कागदात गुंडाळून, त्यावर इंजिनाचे नाव, दिव्याचा दाब व काढल्याची तारीख लिहून, इंजिनाच्या खोक्यातच ठेवावा.